आगोट

ओरोसच्या कोर्टात मितालीची कमाई मांडली:
कोळंबी सोलण्याचे पैसे, टोपल्यांच्या हिशोबाने.
त्याचे बारा महिने केले.
खरं तर दहाच. बंदीत शेडला कुलूप असतं.
कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.
मग त्याला अठराने गुणलं.

अठराच का, मी एसटीत विचारलं.
वकीलबाई म्हणाल्या, तक्ता असतो,
वयाप्रमाणे आकडा, त्यात व्याज धरलेलं.
मला अठरा एकाच ठिकाणी ठाऊक,
विश्वे दारिद्र्याच्या आधी.
जामसंड्याच्या वळणावर चिऱ्यांचा डंपर आला
तेव्हा ती एकोणीसची होती.
एकोणीस आणि अठरा, सदतीस.
अडतिसाव्या वर्षी तिला भूक लागणार नाही?

विमा कंपनीचा माणूस सभ्य होता.
दोनदा विचारलं त्याने, कुणाला ओळखते का?
मी तोंड उघडलं होतं सांगायला,
की इंजिनाच्या आवाजावरून सांगते ती
होडी तारामुंबरीची की बाहेरची.
वकीलबाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं.
ओळखते म्हटलं की आकडा उतरतो.
मी भाचीला कागदावर
होती त्याहून मुकी करून आले.

भाऊ रात्री उठून बसतो.
"माज्या मागसून?" एवढंच.
पुढचं वाक्य खोकल्यात जातं.

न्यास करा, वकीलबाई म्हणाल्या.
पैसे तिच्या हातात नाहीत, तुमच्याही नाहीत.
ठेव बँकेत, व्याज तिच्या गरजेपुरतं,
तुम्ही विश्वस्त, सोबत पोस्टातले मिठबावकर,
आणि तुम्ही गेल्यावर कोण, तेही आत्ताच लिहायचं.
त्या समजावत राहिल्या.
मला कधीच समजलं होतं.
आगोट.
वैशाखात सुकी सुंगटं, खारे बांगडे, सोलं, मीठ
डब्यांत भरून माळ्यावर.
दर्या बंद झाल्यावरच झाकण निघायचं,
आधी हात घातला तर आई उलथनं मारायची,
पाहुणा असला तरी.

बाबल्या आला, चहा घेतला.
म्हणाला, आत्ये, तिच्याच नावाची होडी घेऊया,
सहा सिलिंडर, नाळीवर "मिताली" रंगवूया,
व्याजापेक्षा जास्त देईन महिन्याला.
हिशोब खोटा नव्हता त्याचा.
"होडी बुडता रे," म्हटलं मी.
तेव्हापासून बाजारात मान फिरवतो.
त्याचा झील मात्र येतो,
तिच्या मुठीत शेव ठेवून पळतो.

गरजांची यादी करायला बसलो.
औषधं, लंगोट, कणकवलीचा व्यायामवाला,
खुर्चीची चाकं, खाऱ्या हवेत वर्षाला गंजतात.
मी सांगितलं, बांगडा लिहा, काटे काढलेला, रोजचा.
काटे काढणारीचा वेळही लिहा, मी असेन नसेन.
आणि जेटीवरची संध्याकाळ.
बाईंनी लिहिलं, मनोरंजन.
म्हटलं, खोडा.
शेवटची होडी लागेपर्यंत ती हलत नाही,
रडते, चावते, पण खुर्ची वळवू देत नाही.
मनोरंजनाला कुणी असं बसतं का?
बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
मग लिहिलं, दैनंदिन काम.

कागदावर तिचा अंगठा घेतला.
शाई पुसायच्या आत
तिने तो माझ्या दंडावर दाबला,
मग बापाच्या, मग मिठबावकरांच्या बाहीवर.
मिठबावकर हसले नाहीत. बाही दुमडली नाही.

आज वारा पडलाय.
दिवे एकेक करून आत येतायत,
बर्फाच्या गाड्या निघाल्या.
मला वाटतं, झाल्या सगळ्या.
ती मान हलवते. नाही.
मी काही ऐकत नाही, ती ऐकते.
रिक्षावाला दोनदा हॉर्न देतो.
यादीत आहे तो, पान तीन:
जाऊन-येऊन ऐंशी रुपये,
थांबण्याचे वेगळे.